रणगाड्याचं पहिलं किट: १/३५, १/४८ की १/७२? आणि एकाच टायगरच्या किमतीत चौपट फरक कसा?

निपर_ब्लेड

१/७२ ची, म्हणजे खऱ्याच्या एक-बहात्तरांश मापाची, प्लास्टिकची मॉडेल विमानं करून हात बऱ्यापैकी बसलाय. ०.३ मिमी सुईचा एअरब्रश आणि कॉम्प्रेसर आहे. आता रणगाड्यांकडे वळायचंय आणि सुरुवात जर्मन टायगर १ पासूनच करायची आहे. पण किट शोधायला बसलं की डोकं चक्रावतं.

१/३५ मधलाच टायगर घ्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग किटच्या किमतीत चौपट फरक दिसतो, डब्यावरची चित्रं मात्र सारखीच. दुसरीकडे १/७२ चा टायगर आकाराने एवढुसा, पण किंमत काही त्या मानाने उतरत नाही. नव्या कंपन्यांचा १/७२ तर १/४८ च्या आसपास जातो. शिवाय तोफेची धातूची नळी, फोटोएच (पातळ पितळी पत्र्यात कोरलेले बारीक भाग), सुटे ट्रॅक (साखळी-पट्टे) असं बरंच काही वेगळं विकायला असतं. त्यातलं खरंच लागतं काय?

मांडायला ९० सेंमी लांब, २५ सेंमी खोल फळी मोकळी आहे. दोन-तीन महिन्यांतून एक किट, एवढाच वेग आणि तेवढंच बजेट. स्केल एकदा धरलं की बदलायचं नाही, म्हणून आधीच विचारतोय.

---

साचेबंद

किंमत प्लास्टिकची नसते. डब्यातलं पॉलिस्टायरीन हा सगळ्यात किरकोळ खर्च. पैसा जातो मूळ वाहनाची मापं गोळा करण्यात, संगणकावर भाग आखण्यात आणि पोलादी साचा कापण्यात. तो साचा किती नगांवर वसूल करायचा यावर डब्याची किंमत ठरते. १/७२ च्या टायगरलाही आखणी तेवढीच, सूचनापत्रक तेवढंच, डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा, कागद छापावा लागतो तोही तसाच. साचा लहान होतो, पण काम उलट बारीक होतं. म्हणून आकार निम्मा झाला तरी किंमत निम्मी होत नाही. जुन्या १/७२ आणि १/७६ किट स्वस्त असतात, कारण त्यांचे साचे कधीच वसूल झालेत. एअरफिक्स कंपनीचे १/७६ चे कितीतरी रणगाडे १९६० च्या दशकातले आहेत.

१/३५ मधला चौपट फरकही बराचसा साच्याच्या वयाचाच. या स्केलचा जन्मच मुळी गणितातून झालेला नाही. तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला. आत बॅटऱ्या बसाव्यात एवढी रुंदी ठेवली आणि मागाहून मोजलं तर प्रमाण साधारण १/३५ निघालं. त्या काळातल्या किटमध्ये रणगाड्याच्या खालच्या खोक्याच्या (हलच्या) तळाला स्विच आणि गिअरबॉक्ससाठी भोकं असतात, आणि ट्रॅकच्या वरचा भाग खालून उघडाच असतो. अशी किट आजही नव्या डब्यात विकली जातात. भोकं १ मिमी प्लास्टिक शीटने बुजवता येतात, उघड्या भागाला पट्ट्या कापून लावता येतात, एका संध्याकाळचं काम. पण टरेटचा, म्हणजे वरच्या फिरत्या मनोऱ्याचा, आकारच चुकला असेल तर त्याला इलाज नाही.

आणखी एक गोष्ट, डब्यावरचं नाव म्हणजे साच्याचा मालक नव्हे. तामियाच्या १/७२ विमानांच्या मालिकेत इटालेरीच्या साच्यातली बरीच किट आहेत. एअरफिक्सने २०१९-२० च्या सुमारास १/३५ चे जे रणगाडे आणले त्यांचे साचे अकॅडमीचे. रेव्हेलच्या डब्यात कधी स्वतःचं, कधी दुसऱ्याचं. म्हणून घेण्याआधी स्केलमेट्स या किटची नोंद ठेवणाऱ्या साइटवर त्या किटची वंशावळ बघायची: ‘नवा साचा’ कुठल्या वर्षी, त्यानंतर फक्त डबा बदलला की भागही वाढवले. तेच स्प्रू (भाग ज्यांना जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) दोन नावांनी विकले जात असतील तर स्वस्त डबा घ्यावा आणि डिकलमध्ये काय फरक आहे तेवढं तपासावं. महाग डब्यात कधी कधी फक्त डिकल चांगले छापलेले असतात, आणि ते वाईट कारण नाही.

---

एकास_पस्तीस

साचेबंद यांनी किमतीचं सांगितलं, मी मापांचं सांगतो. टायगर तोफेसकट ८.४५ मी लांब, रुंद ट्रॅकवर ३.७ मी रुंद.

१/३५: सुमारे २४१ × १०६ मिमी
१/४८: सुमारे १७६ × ७७ मिमी
१/७२: सुमारे ११७ × ५१ मिमी

म्हणजे १/७२ वरून १/३५ वर गेलात तर लांबी दुपटीला थोडी जास्त, पण रंगवायचा पृष्ठभाग सव्वाचार पट. किमतीच्या हिशेबात हे कोणी धरत नाही. १० मिलीच्या बाटलीत १/७२ चे कितीतरी रणगाडे होतात. १/३५ चा टायगर मूळ रंगालाच तिचा मोठा भाग पितो. त्यावर प्रायमर, कॅमोफ्लाजचे दोन रंग, डिकलखाली ग्लॉस, शेवटी मॅट. पहिल्या दोन किटपर्यंत रंग आणि थिनरचा खर्च किटच्या बरोबरीने जातो असं धरून चाला.

तरी मी १/३५ च म्हणेन. रणगाड्यांसाठी सर्वाधिक पर्याय याच स्केलमध्ये आहेत: आकृत्या, सुटे भाग, डिकल, तळ, इमारती, जे म्हणाल ते. १.७५ मी उंचीचा माणूस इथे ५० मिमी होतो, चेहरा रंगवता येतो. १/७२ मध्ये तोच २४ मिमी, तिथे डोळे रंगवायच्या फंदात पडू नये. शिवाय फवारलेल्या कॅमोफ्लाजची धूसर कड. खऱ्या रणगाड्यावर ती ५ सेंमी धरली तर १/३५ वर सुमारे १.४ मिमी येते. ०.३ च्या सुईने, रंग दुधासारखा पातळ करून, १ बारच्या आत दाब ठेवून, टोक पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर अंतरावर धरलं तर ती साधते. १/७२ वर ती ०.७ मिमी हवी. तिथे ०.२ ची सुई, तामियाचा ॲक्रिलिक असेल तर एकास दोन थिनर, आणि तरीही टोकावर रंग सुकून ठिपके उडतात. ज्याच्याकडे ०.३ ची सुई आहे त्याने हे ध्यानात घ्यावं.

सुट्या भागांबद्दल म्हणाल तर चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. नळी, फोटोएच, धातूचे ट्रॅक मिळून किटच्या दुप्पट सहज होतात. क्रम असा ठेवा:

इंजिनवरच्या जाळ्या. खऱ्या जाळीतून आरपार दिसतं, प्लास्टिकची जाळी आंधळी असते. फक्त जाळ्यांचा छोटा संच मिळतो आणि तो स्वस्तही असतो. बऱ्याच नव्या किटमध्ये तो डब्यातच येतो.

धातूची नळी फक्त तेव्हाच घ्यावी जेव्हा किटची नळी दोन अर्ध्यांत आहे. तीही आधी जोडून पाहा. पातळ सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद) लावून अर्धे एवढे दाबायचे की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर येईल. २४ तास हात लावायचा नाही. मग ब्लेडच्या पाठीने खरवडून ४००, ८००, १५०० असा पॉलिश पेपर नळीभोवती गुंडाळून फिरवायचा. सरळ रेषेत घासलं की नळी लंबगोल होते. आजच्या बहुतेक चांगल्या किटमध्ये नळी एकसंध असते, टोकही पोकळ. तिथे धातूची नळी घेणं म्हणजे हौस.

फोटोएचचे पूर्ण संच पहिल्या किटला नकोतच. पितळ पॉलिस्टायरीनच्या सिमेंटने चिकटत नाही, सुपरग्लू लागतो, आणि सुपरग्लूचा सांधा आडव्या धक्क्याला टिकत नाही. अर्धा मिमीच्या कडीसाठी तासभर जातो, रंगवताना ती उडते आणि सापडत नाही.

---

चाळीस_आठ

१/४८ ला मधल्यामध्ये कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. प्रश्नकर्त्याचा हात विमानांवर बसलाय. १/४८ मध्ये विमान आणि रणगाडा एकाच तळावर ठेवता येतात, भाग धरायला पुरेसे मोठे, ट्रॅक बहुतेक वेळा लांब पट्टी अधिक सुट्या कड्या या पद्धतीचे. १/३५ मध्ये हेलिकॉप्टरं मिळतात, थोडी विमानंही आलीत, पण निवड तोकडी.

तामियाने २००० च्या दशकात १/४८ ची मालिका नव्याने सुरू केली तेव्हा सुरुवातीच्या कित्येक किटला खालचं खोकं ओतीव धातूचं दिलं. हातात वजनदार लागतं, छान वाटतं, पण तिथे सिमेंट चालत नाही. निलंबनाचा (सस्पेन्शनचा) प्रत्येक भाग सुपरग्लूने लावावा लागतो, आणि धातूवर प्रायमर न मारता रंग दिला तर पकडताना कडेला निघून येतो. खोकं आधी साबणाच्या पाण्याने धुवा, चिकटवायच्या जागा ४०० च्या पेपरने खरबडीत करा, मग लावा. नंतरच्या किटमध्ये खोकं प्लास्टिकचं आहे. डब्यातल्या स्प्रूंचे फोटो बघून घेतलं की कळतं.

१/४८ ची खरी अडचण विषयांची. टायगर, शर्मन, टी-३४, पँथर मिळतील. त्यापलीकडे काही विशेष हवं असेल तर शोधत बसा. ‘एकदा ठरवलं की बदलायचं नाही’ या अटीत मला हीच गोष्ट खटकते, बाकी काही नाही.

---

निपर_ब्लेड

बराच उजेड पडला. दोन गोष्टी अजून. आतला भाग पूर्ण असलेली, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, तोफगोळे सगळं दाखवणारी १/३५ किट घेण्यात अर्थ आहे का? महागाई मुख्यतः तिथेच दिसतेय. आणि ट्रॅकचे प्रकार नीट कोणी समजावेल का?

---

कडीकोयंडा

आतल्या भागाचं आधी सांगतो. साधं टायगर किट दोन-चारशे भागांचं असतं. आतून पूर्ण असलेलं हजाराच्या घरात जातं. टरेट आणि छत चिकटवल्यावर झडपांतून जे दिसतं ते म्हणजे सीटची कड आणि तोफेचा मागचा भाग. छत सुटं ठेवायचं ठरवलं तर ते नीट बसत नाही, कारण आतल्या प्रत्येक भिंतीत केसभर फरक साठत जातो. त्यात आतला रंग वेगळा, मग बाहेरचं रंगवताना सगळ्या झडपा ओल्या टिशूने बंद करा. दोन-तीन महिन्यांत एक किट असा वेग असेल तर हे किट सहा महिने खाईल. त्याच कंपनीचं आतला भाग नसलेलं किट बहुधा स्वस्तात मिळतं, बाहेरून तेच.

आता ट्रॅक. टायगरला एका बाजूला ९६ कड्या, दोन्ही मिळून १९२. एवढा आकडा लक्षात ठेवून डब्याच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचा.

व्हिनाइलची पट्टी: दोन सांधे आणि काम झालं. दोष असा की ती ताणलेली राहते, आणि खरा ट्रॅक वरच्या बाजूला चाकांवर लोळतो. वरून स्पंजचे तुकडे फेंडरखाली (ट्रॅकवरच्या पत्र्याखाली) दाबून सुपरग्लूने पट्टी चाकांच्या माथ्याला चिकटवली की झोळ येतो. पट्टी आखूड असेल तर ओढून लावू नका. पुढचं दातेरी चाक आणि मागचं चाक आत झुकतं, आणि नंतर एनॅमल वॉश (खाचांत सोडायचा अतिपातळ गडद रंग) तळाशी साचला की ताणलेला आस तडकन मोडतो. थिनर ताणातल्या प्लास्टिकमध्ये शिरतं म्हणून हे होतं, रंगाचा दोष नसतो. काही जुन्या व्हिनाइलमधलं रसायन पॉलिस्टायरीनला वर्षानुवर्षं खात राहतं, चाक जिथे टेकतं तिथे वितळल्यासारखा खड्डा पडतो. म्हणून जुनं किट घेतलं तर ट्रॅक वेगळ्या पिशवीत ठेवायचे आणि चाकांवर रंगाचा थर असल्याशिवाय बसवायचे नाहीत.

लांब पट्टी आणि सुट्या कड्या: वरची आणि खालची रांग अखंड, वळणावर सुट्या कड्या. झोळ साच्यातच दिलेला असतो. पहिल्या रणगाड्याला हाच प्रकार घ्या. सिमेंट लावून दहा-पंधरा मिनिटांत, म्हणजे सांधे लवचिक असतानाच, चाकांवर गुंडाळायचा, पण चाकांना चिकटवायचा नाही, म्हणजे रंगवायला पूर्ण निघतो.

हलणाऱ्या सुट्या कड्या: कडी एक आणि खिळे दोन असले तर १९२ चे ५७६ तुकडे. प्रत्येक कडीवर स्प्रूचे चार टोकं असतील तर घासायच्या जागा साडेसातशेच्या वर. खिळ्याला सिमेंटचा थेंब जास्त झाला की ती कडी गोठते आणि ट्रॅक तिथे कोपरा करतो. दिसायला सुंदर, याबद्दल वाद नाही. पण टायगरचा अर्धा वरचा ट्रॅक फेंडरखाली जातो. एवढी मेहनत शर्मन किंवा टी-३४ ला दिसते तरी.

---

बहात्तर_खोली

पस्तीसवाल्यांची बाजू ऐकली, आता फळीचं गणित करा. ९० × २५ सेंमी फळीवर १/३५ चे टायगर तोंड पुढे करून ठेवले, मध्ये चार सेंमी सोडले, तर सहा बसतात. नळीची टोकं फळीच्या काठाला येतात ती वेगळीच. १/७२ चे, मध्ये दोन सेंमी सोडून, दोन ओळींत चोवीस. दोन-तीन महिन्यांतून एक या वेगाने १/३५ ची फळी दीड वर्षात संपेल, आणि मग किटबरोबर कपाटाचंही बजेट काढावं लागेल.

बाहेरून मागवणार असाल तर कुरिअरचा हिशेब बघा. विमानाने येणाऱ्या पार्सलला बहुतेक कंपन्या आकारमानाचं वजन लावतात: लांबी × रुंदी × उंची सेंमीत, भागिले ५०००. ३८ × २४ × ८ चा डबा म्हणजे जवळपास दीड किलोचं भाडं, आत प्लास्टिक त्याच्या निम्मंही नसतं. २६ × १६ × ५ चा १/७२ चा डबा ०.४ किलोत बसतो. डब्याची किंमत सारखी असली तरी घरी येईपर्यंत ती सारखी राहत नाही. आयातशुल्क भाड्यासकट रकमेवर लागत असेल तर फरक आणखी वाढतो.

कॅमोफ्लाजच्या धूसर कडेबद्दल एकास_पस्तीस म्हणतात ते मान्य, पण १/७२ ला ती लागतेच असं नाही. वीतभर अंतरावरून ०.७ मिमीची कड डोळ्याला तीक्ष्णच दिसते. ब्ल्यू टॅकसारख्या पुट्टीच्या बारीक वळ्या करून मास्क केलं की झालं. रंग मात्र बाटलीतला तसाच वापरू नका. मूळ रंगात दहा-पंधरा टक्के पांढरा किंवा पिवळसर घाला, लहान आकारावर गडद रंग काळवंडतो. वॉशही पातळ, आणि तो सगळीकडे फासायचा नाही, फक्त सांध्यांत टोकाने सोडायचा.

१/७२ ची खरी दुखरी नस जाडी. १० मिमी जाडीची लोखंडी कडी (धरायचं हँडल) या स्केलला ०.१४ मिमी होते. साच्यातून एवढं बारीक निघत नाही, म्हणून किटमध्ये ती जाड दोरखंडासारखी दिसते. खरवडून टाका आणि तांब्याच्या वायरचा एक धागा वाकवून लावा. वायरीत धागे डझनावारी असतात, खर्च शून्य. आणि ७२ सोबत ७६ मिसळायचा मोह टाळा. फरक साडेपाच टक्के, एकटं वाहन ओळखू येत नाही, पण तोच रणगाडा शेजारी ठेवला की लगेच कळतं.

---

एकास_पस्तीस

फळीचं गणित बरोबर आहे, हार मानतो. पण २४ टायगर कोण करतं राव.

किटच्या निवडीतही पैसे आणि कष्ट वाचतात, ते राहिलं. टायगर १ चं उत्पादन ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४. कारखान्यातून झिमेरिट, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून दिलेला खरबरीत लेप, १९४३ च्या उत्तरार्धापासून येतो. ज्या किटमध्ये तो साच्यात नाही तिथे पुट्टीने स्वतः करावा लागतो किंवा रेझिनचे पत्रे वेगळे विकत घ्यावे लागतात. रेझिन घासताना तोंडाला मास्क आणि पाण्याचा पेपर, नाहीतर धूळ छातीत जाते. म्हणून पहिला टायगर १९४३ च्या पूर्वार्धातला निवडा. डंकेलगेल्ब, म्हणजे गडद पिवळा, हा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ पासूनचा, म्हणजे कॅमोफ्लाजची हौसही भागते.

त्याची किंमत चाकांत मोजावी लागते. सुरुवातीच्या टायगरला प्रत्येक बाजूला आठ आस, प्रत्येकावर तीन चकत्या, दोन्ही बाजूंच्या मिळून ४८, सगळ्यांना रबराची कड. १९४४ च्या पोलादी कडेच्या चाकांत त्या ३२ होतात आणि रबर रंगवायचं कामच संपतं, पण तिथे झिमेरिट आलं. टी-३४ ला बाजूला पाचच चाकं असतात, सोपेपणा हवा असेल तर हाही विचार करा.

४८ कडा कुंचल्याने रंगवत बसू नका. चाकं स्प्रूवरून काढून टूथपिकवर खोचा, आधी सगळ्यांवर रबराचा गडद राखाडी फवारा. खऱ्या चाकाचा व्यास ८०० मिमी, म्हणजे १/३५ वर सुमारे २३ मिमी, १/४८ वर साडेसोळा-सतरा, १/७२ वर ११. प्लास्टिकच्या वर्तुळांच्या पट्टीतलं रबराच्या आतल्या पोलादी चकतीएवढं भोक शोधा. ते मोजून घ्या, अंदाजाने नको. चाकावर धरून वरून सरळ पिवळा फवारा, तिरका धरलात तर कडेखाली रंग शिरतो. आतल्या रांगेतल्या चाकांची फक्त खालची कड दिसते, तिथे एवढी काळजी नको. जोडण्याआधी सूचनापत्रकावर बघून कुठली चकती आतली ते टूथपिकवर लिहून ठेवा. टायगरची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, एक उलटसुलट बसलं की पुढची सगळी काढावी लागतात.